उणे पंचवीसच्या खोलीतली गाडी

मी आयुष्यात अनुभवलेली सगळ्यात कडक थंडी आर्नहेममधल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर होती, सायकल स्टँडच्या भिंतीपलीकडे. भिंतीच्या बाहेर हॉलंडची नेहमीची भिजट हवा, सहा-सात अंश आणि बारीक पाऊस. भिंतीच्या आत उणे पंचवीस.

पहिल्यांदा आत गेले तेव्हा आधी नाकातले केस ताठ झाल्याचं जाणवलं. मग पापण्या जड झाल्या. श्वास आत घेतला तो घशातून खाली कुठवर गेला ते नेमकं कळलं. "तीन मिनिटं. त्याहून जास्त नाही," असं साहेबांनी बजावलं होतं. मनात म्हटलं, मनालीच्या सहलीत मी दिवसभर बर्फात खेळलेय, तीन मिनिटांचं काय एवढं! दुसरं मिनिट संपायच्या आत मी दार ढकलून बाहेर आले होते. साहेब घड्याळ बघत उभे होते. हसले नाहीत. म्हणाले, "आता तुला कळलं, आपण बॅटरीला काय सहन करायला लावतो ते."

ते माझे प्रयोगशाळेतले प्रमुख. साठीच्या आसपासचे, उंच, जरा वाकून चालणारे. तिथे सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे, अगदी कालपरवा लागलेली रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा. माझ्याच्याने ते होईना. पहिले दोन-तीन महिने मी त्यांना कुठलीच हाक मारली नाही, काम असलं की समोर जाऊन उभी राहायचे. घरी नवऱ्याशी बोलताना मात्र 'साहेब' म्हणायचे, म्हणून इथेही तेच म्हणते.

नवरा आर्नहेमच्याच एका वीज कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. त्याच्या व्हिसाच्या शेपटाला धरून मी आले होते. त्याआधी पुण्यात ज्युनिअर कॉलेजात पाच वर्षं केमिस्ट्री शिकवलेली. इथे आल्यावर दोन वर्षं डच भाषेचा वर्ग, लायब्ररी आणि खिडकी. मग एके दिवशी लायब्ररीतल्या स्थानिक पेपरात जाहिरात दिसली, बॅटऱ्यांच्या चाचण्यांसाठी सहाय्यक हवा म्हणून. डिक्शनरी मांडीवर घेऊन अर्ज लिहिला. मुलाखतीत साहेबांनी प्रमाणपत्रांकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "आमच्या बॅटऱ्यांत असतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड कधी हाताला लागलंय?" मी अंगठ्याजवळचा जुना डाग दाखवला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका मुलीची बाटली फुटली होती तेव्हाचा. त्यांनी तो नीट निरखला आणि म्हणाले, "सोमवारी ये."

२००५ साल संपत आलं होतं. हायब्रिड गाड्या तेव्हा नवलाच्याच होत्या. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत, आणि मागच्या सीटच्या पाठीशी एक मोठी बॅटरी. ब्रेक दाबला किंवा उतार लागला की चाकांची ताकद वीज होऊन बॅटरीत परत जायची. ही जादू आम्हाला आता कडाक्याच्या थंडीत तपासायची होती. नॉर्वे-स्वीडनच्या लोकांनी गाड्या घेतल्या तर काय होईल, हे एका ग्राहकाला जाणून घ्यायचं होतं. त्याने एक गाडी आणि वेगळे काढलेले बॅटरीचे काही भाग आमच्याकडे पाठवले होते.

माझं काम सुटे भाग तपासण्याचं. थंड खोलीत एक भाग ठेवायचा, रात्रभर गारठू द्यायचा, सकाळी बाहेरच्या टेबलावरून त्यातून वीज खेचायची आणि आकडे नोंदवायचे. वीस अंशाला छान रेघ आली. शून्याला थोडी वाकली. उणे दहाला आणखी. उणे पंचवीसला मी बटण दाबलं आणि पडद्यावरची रेघ दगड टाकावा तशी खाली गेली. यंत्राने 'टक्' करून वीजच तोडली. सगळा खेळ काही सेकंदांचा.

 वाटलं, मी बॅटरी मारली. वायर उलटी लावली असेल, प्रवाह जास्त दिला असेल. नोकरीला दोन महिने झाले नव्हते. मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि तुटक्या डचमध्ये सांगितलं, "ती मेली. चूक माझी असेल."

ते आले, नोंदी वाचल्या, वायरी पाहिल्या. "चूक काही नाही," ते म्हणाले. "बाहेर काढून टेबलावर ठेव. हात लावू नकोस. सोमवारी बघू."

"म्हणजे दुरुस्त करायची?"

"नाही. नुसतं थांबायचं."

शनिवार-रविवार माझे कसे गेले ते मलाच माहीत. सोमवारी सकाळी तोच भाग, तीच वायर, तोच प्रवाह. रेघ सरळ चालत राहिली. मी चहाचा कप हातात धरून बघत होते आणि ती चालतच होती. शेवटी मोजलं, तर थंडीच्या आधी जेवढी वीज त्यात होती, जवळजवळ तेवढीच निघाली. मधलं ते 'मरण' जणू झालंच नव्हतं.

पाच वर्षं मी फळ्यावर लिहून मुलांना शिकवलं होतं, तापमान उतरलं की रासायनिक क्रिया मंदावते. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. पण मंदावणं म्हणजे काय, हे मला त्या सोमवारी कळलं. आतलं काहीही हरवलेलं नव्हतं. द्रवातून इकडून तिकडे जाणारे ते अदृश्य कण गारठून रेंगाळले होते, एवढंच. मागितलं तर देत नव्हते, पण होतं सगळं जिथल्या तिथे. मी किती तरी वेळ त्या राखाडी डब्याकडे बघत बसले. 

संध्याकाळी साताऱ्याला फोन लावला. हे ज्याला सांगायचं तो माणूस तिथे होता.

माझे बाबा बस डेपोच्या बॅटरी रूममध्ये तीसेक वर्षं होते. डेपोतल्या प्रत्येक गाडीची बॅटरी त्यांच्या हाताखालून जायची. खाकी पँटीला ॲसिडची भोकं, बोटांच्या टोकांना पांढरट डाग, अंगाला एक आंबूस वास. शाळेत मैत्रिणीच्या वडिलांना अत्तराचा वास येतो म्हणून मी घरी तक्रार केली होती, ते मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते. मी केमिस्ट्री घेतली ती मात्र त्यांच्याचमुळे. लहानपणी त्यांनी मला ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर हातात देऊन तरंगणारा आकडा वाचायला शिकवलं होतं.

"बाबा, पूर्ण बसलेली बॅटरी आज उठली. काही न करता."

"असं होत नसतं, बाळ," ते पलीकडून म्हणाले. "बसलेली बॅटरी आपोआप उठत नाही. तुमचं मीटर चुकलं असेल."

"मीटर बरोबर आहे. थंडीने झोपली होती, ऊब मिळाली तशी उठली."

 मग म्हणाले, "आमच्या बॅटऱ्या उन्हाने मरायच्या. मे महिन्यात रोज एक तरी. पाणी उडून जायचं, प्लेटी वाकायच्या. त्यातली एकही परत आली नाही." आणि पुढे, "मला बघायचीय ही."

ते यायचेच होते. आईने यायला साफ नकार दिला होता, "मला त्या विमानात कोंडू नका" म्हणून. बाबा एकटे जानेवारीत आले. माकडटोपी, मफलर, आणि बॅगेत आईने दिलेले डिंकाचे लाडू. पहिल्या आठवड्यात गोठवणारा पूर्वेचा वारा सुटला आणि आमच्या घरामागचा कालवा एका रात्रीत कडक झाला. बाबा रोज सकाळी काठावर जाऊन काठीने बर्फ ठोकून बघायचे आणि घरी येऊन "आज आवाज जाड आहे" असं सांगायचे. नवरा कामाला निघाला की त्याच्या सायकलच्या सीटवरचं गोठलेलं दव खरवडून द्यायचे. आणि मी घरी आले की पायातले बूट काढायच्या आत प्रश्न यायचा, "काय म्हणतेय बॅटरी?"

मी भीतभीत साहेबांना विचारलं. वडिलांना एकदा लॅब दाखवता येईल का? ते काय करायचे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला.

"तीस वर्षं बॅटरी रूममध्ये?"

"हो."

"मग नुसती लॅब कशाला? बुधवारी आण. बुधवारी गाडी सुरू करायचीय."

पूर्ण गाडीची ती पहिलीच चाचणी होती. गाडी शुक्रवारपासून उणे पंचवीसमध्ये उभी होती. बाहेरून काही गरम करायचं नाही, बटण दाबायचं आणि बघायचं.

बुधवारी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, वर दोन स्वेटर चढवले.  लॅबच्या दारात साहेब स्वतः उभे होते. दोघांनी हात मिळवले आणि साहेबांनी तो हात सोडलाच नाही. उलटा करून बोटांची टोकं पाहिली. मग आपल्या डाव्या हाताची बाही वर सरकवली. मनगटाच्या वर रुपयाएवढे तीन-चार पांढरट डाग होते.

"गंधकाचं ॲसिड," साहेब म्हणाले. हे भाषांतर न करताच बाबांना कळलं.

साहेबांनी मला सांगितलं ते मलाही नवीन होतं. सोळाव्या वर्षी ते दूधवाल्यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या शेडमध्ये कामाला लागले होते. त्या काळी हॉलंडमध्ये दारोदार दूध घालणाऱ्या बऱ्याच गाड्या विजेवर चालायच्या, आवाज नको म्हणून. रोज गाड्या परत आल्या की सगळ्या सेलमध्ये पाणी घालायचं आणि ॲसिडची घनता मोजायची. कॉलेज नंतर झालं, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन. मी हे बाबांना मराठीत सांगत होते तेवढ्यात बाबांनी हवेत एक अदृश्य रबरी फुगा दाबला, सोडला, आणि काचेची नळी डोळ्यांसमोर धरून आकडा वाचल्यासारखं केलं. हायड्रोमीटर! साहेब मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनीही तोच अभिनय करून दाखवला, शेवटी थेंब झटकण्यासकट. मी मध्ये दुभाषी म्हणून उभी होते, पण त्या दहा मिनिटांत माझी कुणालाच गरज नव्हती.

खोलीच्या भिंतीला एक जाड काच होती. बाबांनी तिच्यातून आत पाहिलं. गाडी पांढरी पडली होती. मूळ रंग हिरवट होता, तो कुठे दिसेना. काचा, दारांच्या मुठी, आरसे, सगळ्यावर बारीक साखरेसारखा थर. एक्झॉस्टला जाड नळी लावलेली, ती भिंतीतून बाहेर गेलेली.

"मी आत जाऊ?" बाबांनी विचारलं.

"बाबा, नको. छातीत थंडी भरेल."

"त्यांना विचार."

साहेबांनी खुंटीवरचा गुडघ्यापर्यंतचा कोट काढून स्वतः त्यांना घातला, चेन लावली, हातमोजे दिले. "तीन मिनिटं," ते म्हणाले, "आणि लोखंडाला उघडा हात लावायचा नाही. कातडी चिकटते."

आम्ही तिघं आत गेलो. बाबा पहिल्याच पावलाला थबकले. तोंडातून निघालेला वाफेचा ढग त्यांनी वळून पाहिला. मग हळूहळू गाडीभोवती चालत मागे गेले. साहेबांनी मागचं दार उघडून झाकण उचललं. मोठ्या बॅटरीचं लोखंडी कव्हर, त्यातून निघालेल्या जाडजूड भगव्या वायरी दिसल्या. "यात दोनशे व्होल्ट," असं मी सांगितलं तशी बाबांनी मान डोलावली आणि हात मागे बांधले. आणि तिथेच, एका कोपऱ्यात, एक लहानशी साधी बॅटरी होती.

"ही?" बाबांचा आवाज एकदम बदलला. "ही तर आपली! शिशाची!"

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, गाडीतले कॉम्प्युटर या छोट्या बॅटरीवर चालतात. ते आधी जागे झाले, तर मग मोठ्या बॅटरीचं दार उघडतात. ही गेली तर मोठी भरलेली असूनही गाडी हलत नाही.

बाबांनी ते ऐकलं आणि हातमोजा घातलेला हात त्या छोट्या बॅटरीवर ठेवला. जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. तीन मिनिटं संपली होती. साहेबांनी त्यांच्या दंडाला धरून बाहेर आणलं.

मग साहेब एकटे आत जाऊन चालकाच्या जागेवर बसले. मी बाहेर लॅपटॉपसमोर. बाबा काचेला नाक लावून. साहेबांनी बटण दाबलं.

डॅशबोर्डवरचा पडदा लगेच उजळला नाही. अक्षरं शाई पसरावी तशी सावकाश उमटली, एकावर एक. मग माझ्या पडद्यावर मोठ्या बॅटरीचा व्होल्टेज कोसळला. सुट्या भागाच्या वेळी कोसळला होता तसाच. पण यावेळी तो एका जागी येऊन थांबला. थरथरत, पण थांबला. आतून इंजिन फिरवल्याचा जड, गुरगुरणारा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि इंजिन लागलं. नळीतून धूर गेला. व्होल्टेज धापा टाकत वर आला.

"बघ," मी बाबांना म्हणाले, "आता कॉम्प्युटर तिच्याकडून फार मागणार नाही. थोडंथोडं घेईल. आणि तिच्यात वीज भरणार तर त्याहूनही कमी."

"का?"

"गारठलेली असताना जोराने भरली तर आत गॅस होतो. खरं नुकसान तेव्हा होतं."

 बाबा कपाळ काचेला टेकवून आत बघत होते. शेवटी म्हणाले, "हे जर आमच्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर आम्ही घाईने, जोराने भरल्या नसत्या." 

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये साहेबांनी त्यांच्यासमोर पाव, चीज आणि एक पेला ठेवला. बाबांनी घोट घेतला आणि डोळे मोठे केले. "अगं, ताक आहे की!" दोन पेले प्यायले. साहेब म्हणाले, "आता गाडी पुन्हा गारठवून दुपारी बाहेर काढणार होतो, नुसती अंगणात. पण तुझ्या वडिलांना एक गोष्ट दाखवायला उतार लागेल."

हॉलंडमध्ये उतार शोधावा लागतो. आर्नहेमच्या उत्तरेला मात्र टेकड्यांचा थोडा प्रदेश आहे. तीन वाजता आम्ही निघालो. बाहेरही उणे चार होतं, रस्ता कोरडा, झाडांवर पांढरं. साहेब चालवत होते, बाबा शेजारी, मी मागे मांडीवर लॅपटॉप आणि पायांत वायरी घेऊन. गाडीतला हीटर मुद्दाम कमी ठेवला होता. पहिल्या चढाला लागलो तेव्हा बाबांनी मला मागे वळून विचारलं, "टेकडी कधी येणार?"

"हीच ती."

"ही?" आयुष्यभर घाटातल्या गाड्यांच्या बॅटऱ्या सांभाळलेला माणूस हसायला लागला. साहेबांनी का हसताहेत ते विचारलं, मी सांगितलं, तेही हसले. "आमच्याकडे एवढंच आहे," म्हणाले.

माथ्यावर पोचलो. डॅशबोर्डच्या मधल्या पडद्यावर गाडीचं चित्र होतं, इंजिन, मोटर, चाकं आणि बॅटरी, आणि वीज कुठून कुठे जातेय ते दाखवणारे बाण. साहेबांनी बाबांना बोटाने दाखवलं, बघा, आता मी पाय उचलतो. चाकांकडून बॅटरीकडे बाण जायला हवा. त्यांनी पाय उचलला. गाडी उताराला लागली. बाण आला, टिपटिपला, आणि नाहीसा झाला. खालपर्यंत इंजिनच गाडीला धरून उतरलं. माझ्या लॅपटॉपवर बॅटरीत गेलेली वीज जवळपास नव्हतीच.

"घेत नाही," बाबा म्हणाले. स्वतःशीच. डेपोत बिघडलेल्या बॅटरीबद्दल ज्या आवाजात म्हणायचे त्याच आवाजात. "चार्ज घेत नाही."

साहेबांनी पायथ्याशी गाडी वळवली आणि परत चढावर घेतली. या वेळी चढताना मोटरला थोडं काम दिलं, म्हणजे बॅटरीतून वीज जाईल आणि तिला आतून ऊब येईल. पुन्हा माथा. पुन्हा उतार. बाण आला आणि काही क्षण टिकला. मी तापमानाचा आकडा वाचला, दोन अंश वाढला होता. मागच्या सीटजवळ एक जाळी असते, तिथून बॅटरी गाडीतली हवा आत ओढते. साहेबांनी आता हीटर वाढवला. बाबांना मी जाळीचं सांगितलं तर त्यांनी सीटवरून वळून हात मागे लांबवला आणि तिच्यासमोर धरला. "म्हणजे आपण बसलोय त्याच हवेवर ती जगतेय?"

"थोडीफार."

तिसरा उतार. बाबा पुढे झुकले होते, नाक पडद्याजवळ. मफलर सुटून मांडीवर पडला होता. बाण आला. राहिला. अर्ध्या उतारापर्यंत राहिला.  माझे हात थंडीने बधीर झाले होते आणि तरी मी कीबोर्डवरून काढत नव्हते, कारण आकडे एकामागोमाग वर सरकत होते आणि मला एकही चुकवायचा नव्हता.

चौथ्या उताराला साहेबांनी माथ्यावरच पाय उचलला आणि दोन्ही हात चाकावर सैल ठेवले. इंजिन बंद पडलं. म्हणजे गाडीनेच ते बंद केलं. अचानक इतकी शांतता झाली की टायरखालच्या रस्त्याचा खर्र आवाज येऊ लागला. पडद्यावर चाकांकडून बॅटरीकडे जाड, ठळक बाण वाहू लागला, थांबेना. आजूबाजूला पांढरी झाडं मागे जात होती आणि ज्या डब्याने सकाळी इंजिन फिरवताना धापा टाकल्या होत्या तो आता उताराची सगळी ताकद पिऊन घेत होता.

"घेतेय!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "अगं, घेतेय बघ! घेतेय!"

साहेबांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणतात, ती घेतेय."

"घेतेय," ते डचमध्ये म्हणाले. "आम्ही दुधाच्या गाड्यांच्या शेडमध्ये हाच शब्द वापरायचो."

मी आरशात पाहिलं तेव्हा साहेबांचे डोळे ओले होते. थंडीचेही असतील.  एका बाजूला आकडे होते, जे मला कळत होते. दुसऱ्या बाजूला हे दोन म्हातारे होते, एकमेकांपासून हजारो मैलांवर राहून एकाच ॲसिडने भाजलेले. आणि मध्ये ती वस्तू, जिने पाच दिवस मरणाच्या थंडीत काढले होते आणि आता काही घडलंच नाही अशी वागत होती. 

पायथ्याशी गाडी उभी केल्यावर बाबांनी एकच प्रश्न विचारायला लावला. "ही किती वर्षं जगेल?"

साहेबांनी खरं उत्तर दिलं. "माहीत नाही. अजून कुणालाच माहीत नाही. थंडीने मरणार नाही एवढं दिसतंय. उष्णतेची मला जास्त भीती वाटते."

"मलाही," बाबा म्हणाले. मी ते भाषांतर केलं आणि दोघांनी एकाच वेळी मान हलवली.

त्या संध्याकाळी बाबांनी आईला फोन लावला. जेवायच्याही आधी. बाण, उतार, जाळी, छोटी शिशाची बॅटरी, ताक, सगळं एका दमात सांगितलं. आवाज इतका चढला होता की मी स्वयंपाकघरातून पलीकडचंही ऐकू शकत होते.

"म्हणजे दिवसभर तुम्ही दोघं एका टेकडीवर वर-खाली करत होतात?" आई म्हणाली.

"चार वेळा," बाबा म्हणाले.

मार्चमध्ये ते परत गेले. गाडी त्याआधीच ट्रकवर चढून तिच्या मालकाकडे गेली होती. अहवाल मी लिहिला, माझा पहिला. थंडीत बॅटरीची क्षमता नष्ट होत नाही, तात्पुरती अडकते, चार्ज स्वीकारणं सगळ्यात शेवटी पूर्ववत होतं, असं त्यात कोरड्या भाषेत आहे. साहेबांनी लाल पेनाने बरंच काही खोडलं, पण चौथ्या उताराच्या आलेखापाशी पेन टेकवला आणि काहीही न खोडता पान उलटलं.